एंटर दाबून धरला तर चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुमच्याकडे उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे, त्यावर ६.८ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू आहे. तुम्ही कर्नल डॉट ऑर्गवरून ६.१२ चा सोर्स उतरवला, बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल (कोणतं सेटिंग चालू, कोणतं बंद याची नोंद) त्यात आणून ठेवली आणि जुन्या कॉन्फिगवरून नव्या कर्नलची सेटिंग्ज विचारणारं ‘मेक ओल्डकॉन्फिग’ दिलं. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पहिले चाळीसेक प्रश्न नेटाने वाचलेत, त्यातले पाच-सहा समजले, आणि मग वैतागून एंटर दाबून धरला. कर्नल तयार झाला, बूटही झाला. पण आता धाकधूक आहे की नको ते चालू झालं का, हवं ते बंद पडलं का. आणि शेवटी तुम्ही म्हणता, सेफ सेटिंग्जची एक यादीच द्या, म्हणजे दर वेळी हा त्रास नको.

यादी देता येते, इंटरनेटवर डझनभर सापडतीलही. पण मी देणार नाही, कारण ‘सेफ’ या एका शब्दात तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी विचारल्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. मशीन सकाळी उठलं पाहिजे, ही पहिली. कुणी आत घुसायला बघत असेल तर त्याला दार सहज उघडू नये, ही दुसरी. आणि सहा महिन्यांनी ६.१२ वरून पुढच्या आवृत्तीवर जाल तेव्हा आज घेतलेले निर्णय गुपचूप गळून पडू नयेत, ही तिसरी. पहिलीचा विचार सगळे करतात कारण ती चुकली की लगेच कळतं. दुसरीवर लेख लिहिले जातात. तिसरीकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या अठरा वर्षांच्या कामात मला सगळ्यात जास्त घाम तिनेच फोडलाय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला माहीत नाहीत. मशीन तुमच्या टेबलावर आहे की कुठल्या डेटा सेंटरमध्ये? त्यावर एकटे तुम्ही लॉगिन करता की चार अनोळखी माणसंही? डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का? मी स्वतः पुण्यात बसून छोट्या औद्योगिक डब्यांसाठी कर्नल बनवतो. त्या डब्यांना ना स्क्रीन असते, ना कीबोर्ड, ना शेजारी रीसेटचं बटण दाबणारा माणूस. त्यामुळे माझ्या सवयी जरा भित्र्या आहेत. तुमचं मशीन लॅपटॉप असेल तर त्यातलं थोडं सैल सोडलंत तरी चालेल. (सेटिंग्जची नावं देवनागरीत लिहितोय. सेटिंग्ज मेन्यूत दाखवणाऱ्या ‘मेक मेन्यूकॉन्फिग’मध्ये तिरकी रेघ दाबली की शोधायची चौकट उघडते, तिथे इंग्रजी नावाचा तुकडा टाकला तरी पुरतो.)

सुरुवात तुम्ही बरोबर केलीत. सेफ पाया म्हणजे त्याच मशीनवर आत्ता चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग. बरेच जण ‘मेक डेफकॉन्फिग’पासून सुरू करतात, नाव ऐकून वाटतं की हेच डिफॉल्ट, म्हणजे हेच सुरक्षित. ते त्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या जातीच्या, सर्वसाधारण मशीनसाठी ठेवलेलं कामचलाऊ कॉन्फिग असतं. तुमचं वायफाय कार्ड, तुमचा टचपॅड, कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला लागणारं सगळं नेटवर्किंग त्यात असेलच याची हमी कुणी दिलेली नाही. उबुंटूची कॉन्फिग अवाढव्य असते, बिल्डला तास-दोन तास खाते, पण ती लाखो मशीनवर तावूनसुलाखून निघालेली असते. आधी ती जशीच्या तशी बूट करून दाखवायची, छाटणी मग.

आता तुमच्या एंटरकडे. ओल्डकॉन्फिगच्या प्रश्नात चौकटी कंसातलं जे अक्षर कॅपिटल असतं ते एंटर दाबल्यावर निवडलं जातं. बोट दुखवायचीही गरज नाही, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ तेच काम एका झटक्यात करतं. हे कॅपिटल अक्षर ठरवण्यामागे कर्नलवाल्यांचं लेखी धोरण आहे. मुद्दाम काही सांगितलं नसेल तर उत्तर ‘नाही’, हेतू हा की एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना तुमच्या कर्नलमध्ये कमीत कमी भर पडावी. ‘हो’ हे डिफॉल्ट देण्याची मुभा मोजक्या प्रसंगी आहे. आधी जे कायमच कर्नलमध्ये असायचं त्याला आता पहिल्यांदा सेटिंग दिलं असेल तर. किंवा ते सेटिंग निव्वळ दुसऱ्या सेटिंग्जचा मेन्यू उघडणारं दार असेल तर. किंवा नेटवर्किंगसारखं प्रत्येकाला लागणारंच काही असेल तर. म्हणजे एंटरचा अर्थ साधारण असा निघतो: ‘कालपर्यंत माझ्याकडे नव्हतं, आजही नको.’ तैवानमधल्या कुठल्याशा सेन्सरचा नवा ड्रायव्हर तुम्हाला खरंच नकोय. त्या प्रश्नांपुरता तुमचा एंटर शहाणपणाचाच होता.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हे धोरण तुमच्या विरुद्ध जातं. सुरक्षा वाढवणारं नवं सेटिंग आलं आणि त्याने वेग थोडाही कमी होत असला तर तेही ‘नाही’ म्हणूनच येतं. मेमरी देताना ती आधी शून्याने पुसून देणारं ‘इनिट ऑन ॲलोक’ हे त्यातलंच एक. ५.३ मध्ये आलं, मूळ कर्नलमध्ये ते आपोआप चालू होत नाही. तेव्हा नव्या प्रश्नांपैकी ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’ आणि ‘हार्डनिंग’ या मेन्यूंतले तेवढे वाचायचे, बाकीच्यांना एंटर. नुसती नवी नावं बघायची असतील तर ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ आहे, मदतीच्या मजकुरासकट हवी असतील तर ‘मेक हेल्पन्यूकॉन्फिग’. चहा घेत वाचायला दुसरं बरं.

पण खरी गोम पुढे आहे. ओल्डकॉन्फिग फक्त नव्या सेटिंगबद्दल विचारतं. जे विचारलं जात नाही, तिथेच घात होतो.

याचं माझं आवडतं उदाहरण २०१८ चं आहे. स्टॅक प्रोटेक्टर म्हणजे फंक्शनच्या स्टॅकवर (त्याच्या कामापुरत्या मेमरीवर) पहारेकऱ्यासारखा एक आकडा ठेवायचा, कुणी बफरच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेच्या, बाहेर लिहिलं तर तो बिघडतो आणि चोरी पकडली जाते. त्याचा साधा प्रकार आहे आणि ‘स्ट्राँग’ प्रकार आहे. मध्यंतरी एक ‘ऑटो’ पर्याय आला होता, कंपायलरला जमेल तो सगळ्यात कडक प्रकार तो आपोआप निवडायचा. ४.१८ च्या वेळी कंपायलरची क्षमता केकॉन्फिग, म्हणजे कर्नलची सेटिंग्ज हाताळणारी यंत्रणाच, तपासू लागली, त्यामुळे ‘ऑटो’ची गरज संपली आणि तो काढून टाकला. सफाई चांगली होती. पण जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलेलं असायचं बघा: ऑटो चालू, आणि त्याच्या शेजारी ‘स्ट्राँग: सेट केलेलं नाही’. नव्या कर्नलला ऑटो ओळखता येईना, पण ‘स्ट्राँग नको’ ही ओळ बरोबर वाचता येत होती. निष्कर्ष त्याने काढला की या माणसाला स्ट्राँग नको होतं. वास्तवात त्याच्याकडे कालपर्यंत स्ट्राँगच चालू होतं! ओल्डकॉन्फिगने एक अक्षर न विचारता ते बंद केलं असतं. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सच्या ते लक्षात आलं आणि त्याने स्ट्राँग सेटिंगचं नावच बदलून टाकलं, जेणेकरून जुनी ओळ निरर्थक ठरेल आणि प्रश्न नव्याने विचारला जाईल.

हे सगळं कशामुळे झालं ते नीट बघा. कॉन्फिग फाइलमध्ये ‘मी विचार करून नाही म्हटलं’ आणि ‘कुणी विचारलंच नाही म्हणून नाही पडलं’ या दोन्ही गोष्टी अक्षरशः सारख्याच लिहिल्या जातात. ‘सेट केलेलं नाही’, बस. तुमच्या फाइलमध्ये अशा हजारो ओळी आहेत. त्यातल्या किती तुमच्या? एकही नाही, उबुंटूवाल्यांच्या किंवा नशिबाच्या.

असंच आणखी दोन ठिकाणी होतं. उबुंटूसारखे डिस्ट्रिब्यूशनवाले सोर्सला स्वतःचे पॅच, म्हणजे बदल, लावतात आणि त्या पॅचसोबत त्यांची सेटिंग्ज येतात. मूळ सोर्समध्ये ती नावंच नसतात, म्हणून तुमच्या कॉन्फिगमधून ती आवाज न करता नाहीशी होतात. सिक्युअर बूट (सही असलेलंच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नलचा लॉकडाउन (चालू कर्नलमध्ये ढवळाढवळ रोखणारी सोय) आपोआप लावणारी जोडणी अशाच पॅचमधून येते, कर्नल डॉट ऑर्गच्या सोर्समध्ये ती नाही. म्हणजे तुमचा ६.१२ त्या एका बाबतीत ६.८ पेक्षा सैल आहे, आणि हे तुम्हाला कुणीही विचारलेलं नाही. ‘केकॉन्फिग वॉर्न अननोन सिम्बॉल्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ओल्डडेफकॉन्फिग चालवलं की अशी अनोळखी नावं निदान ओरडून सांगितली जातात.

दुसरं ठिकाण म्हणजे मजकूर भरायची सेटिंग्ज. सुरक्षा मॉड्यूल कोणत्या क्रमाने लावायची याची एक स्वल्पविरामांची यादी ‘एलएसएम’ या सेटिंगमध्ये असते. ५.१३ मध्ये लँडलॉक हे असंच एक सुरक्षा मॉड्यूल आलं. पण जुन्या कॉन्फिगमधली यादी जुनीच राहते, कारण तिथे आधीचा मजकूर आहे, तर विचारायचं कशाला! लँडलॉकला तुम्ही ‘हो’ म्हणता, ते कर्नलमध्ये येतंही, पण यादीत नाव नसल्याने जागं होत नाही. एकदा मी यावर अख्खी दुपार घालवली आहे.

म्हणून माझ्याकडे दोन फाइली असतात. एक भली मोठी, जी मी हाताने कधीच बदलत नाही. दुसरी साठेक ओळींची, तिच्यात फक्त माझे निर्णय, हो असो वा नाही, आणि प्रत्येकाच्या वर एक ओळ कारणाची. आमच्या टीमचा नियम साधा आहे: कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ फाइलीत येत नाही. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये, केकॉन्फिगच्या पोटात, ‘मर्ज कॉन्फिग’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती मोठ्या फाइलीवर छोटी चढवते आणि तुम्ही मागितलेली किंमत शेवटच्या कॉन्फिगमध्ये उतरली नसेल तर तसं सांगते: हे मागितलं होतं, हे मिळालं. बहुधा एखादी गोष्ट दुसरीवर अवलंबून असते आणि ती दुसरी बंद असते. हा इशारा बाकीच्या ढिगात वाहून जातो, म्हणून मी तो शोधून सापडला की बिल्ड तिथेच थांबवतो. तुम्हाला ‘यादी’ हवी होती ना, तर ती ही. फक्त ती तुमची तुम्ही लिहायची आहे.

आता मशीन सकाळी उठण्याबद्दल. ‘एम’ म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा चढवायचा वेगळा तुकडा, ‘वाय’ म्हणजे कर्नलच्या आतच. रूट पार्टिशनपर्यंत पोचायला जे जे लागतं, म्हणजे डिस्कचा कंट्रोलर, फाइल सिस्टम, एन्क्रिप्शन असेल तर ते, हे सगळं एकतर ‘वाय’ असावं नाहीतर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल सिस्टममध्ये) असावं. डिस्क उघडायचा ड्रायव्हर त्याच डिस्कवर ठेवला तर तिजोरीची चावी तिजोरीत ठेवल्यासारखं होतं. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून जी प्रसिद्ध पॅनिक येते, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतो, ती पुष्कळदा हीच. उबुंटूत इनिटरॅमएफएस आपोआप बनतं, तुम्हाला सहसा त्रास होणार नाही.

यावर काही जण शक्कल लढवतात की सगळंच ‘वाय’ करून टाकू, झंझट नको. तेही सेफ नाही. वायफाय आणि ग्राफिक्सच्या बऱ्याच ड्रायव्हरांना फर्मवेअरची फाइल लागते, ती असते रूट डिस्कवर. ड्रायव्हर कर्नलच्या आत असला तर तो डिस्क माउंट होण्याआधीच जागा होतो, फाइल शोधतो, सापडत नाही म्हणून हात वर करतो. तोच ड्रायव्हर ‘एम’ असता तर डिस्क आल्यावर निवांत चढला असता. मी मदतीच्या मजकुरातलं ‘शंका असेल तर अमुक म्हणा’ हे वाक्य मानतो, पण वाय की एम हा प्रश्न तुमच्या मशीनच्या बूटच्या क्रमाने सुटतो, सल्ल्याने नाही.

छाटणीसाठी तुम्ही ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’बद्दल वाचलं असेल. स्टीव्हन रोस्टेड्टने लिहिलेलं हे साधन २००९ मध्ये २.६.३२ सोबत आलं आणि अजूनही उत्तम आहे. त्या क्षणी चढलेली मॉड्यूल बघतं आणि बाकीची बंद करतं. मेख ‘त्या क्षणी’ या शब्दांत आहे. पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता, व्हीपीएन बंद होतं, डॉकरचा एकही कंटेनर चालू नव्हता, तर त्यांची मॉड्यूल गेली. फॅट पार्टिशन माउंट केलेलं नसेल तर त्याला लागणारं ‘आयएसओ ८८५९-१’ अक्षरसंचाचं मॉड्यूल जातं, आणि मग पेन ड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही, नि माणूस पेन ड्राइव्हलाच शिव्या देतो. माझी पद्धत अशी: आठवडाभर मशीन रोजच्यासारखं वापरायचं, जे जे जोडता येईल ते एकदा जोडायचं, रोज चढलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या एलएसमॉडची यादी एका फाइलीत भर घालत साठवायची आणि शेवटी ती फाइल लोकलमॉडकॉन्फिगला द्यायची. यूएसबी आणि फाइल सिस्टमचे विभाग मात्र ‘एलएमसी कीप’ वापरून अख्खे राखायचे. त्यांच्या छाटणीने बिल्डची जी मिनिटं वाचतात त्यांच्यासाठी ऐन वेळी पेन ड्राइव्ह बंद पडणं परवडत नाही.

डिफॉल्ट सेफ आहे की नाही हे मशीन कुठे उभं आहे त्यावर ठरतं, हे मला एका कुत्र्याने शिकवलं. वॉचडॉग. हार्डवेअरमधलं हे घड्याळ असतं, त्याला ठरावीक वेळात कुणीतरी ‘मी जिवंत आहे’ असं कळवायचं, नाहीतर ते मशीन रीसेट करतं. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात आमचा डबा वजनकाट्याला जोडलेला होता. बूटलोडर (कर्नलला सुरू करणारा प्रोग्रॅम) वॉचडॉग सुरू करायचा, पुढे आमचा प्रोग्रॅम त्याला सांभाळायचा. एका रात्री वीज गेली, आली, आणि डबा उठता उठता मध्येच अडकला. आमचा प्रोग्रॅम सुरूच झाला नाही. मग वॉचडॉगने रीसेट का केलं नाही? कारण बूटलोडरने सुरू केलेल्या वॉचडॉगला प्रोग्रॅम येईपर्यंत कर्नल स्वतःच खाऊ घालतो, हे डिफॉल्ट आहे. आणि किती वेळ घालायचं, ‘वॉचडॉग ओपन टाइमआउट’, त्याचं डिफॉल्ट शून्य, म्हणजे अमर्याद. कर्नल इमानदारीने रात्रभर कुत्र्याला भाकरी घालत बसला. सकाळी काट्यावरच्या मुकादमांचा फोन: ‘साहेब, दिवा लुकलुकतोय, पण डबा बोलंना.’ बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. चूक पूर्णपणे आमची होती, ती ओळ आम्ही कधी वाचलीच नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या छोट्या फाइलीत तो आकडा १२० सेकंद आहे. पण म्हणून कर्नलचं डिफॉल्ट चुकीचं का? नाही. तुमच्या लॅपटॉपच्या फर्मवेअरने वॉचडॉग सुरू केला असेल आणि तुमच्याकडे तो सांभाळणारा कुठलाच प्रोग्रॅम नसेल, तर आमच्या आकड्याने तुमचं मशीन दर दोन मिनिटांनी उलटं पडलं असतं. पॅनिकनंतर किती सेकंदांनी रीबूट करायचं, त्याचंही डिफॉल्ट शून्यच आहे, म्हणजे तसंच थांबून राहायचं. समोर माणूस असेल तर हे चांगलं, पडद्यावरचा मजकूर वाचता येतो. दूरच्या मशीनला मी तिथे १० टाकतो आणि नवा कर्नल ‘ग्रब रीबूट’ने फक्त एकदाच बूट करायला लावतो. त्यासाठी ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ‘सेव्हड’ असावं लागतं. नवा कर्नल पॅनिक झाला की दहा सेकंदांत मशीन जुन्यावर परत येतं आणि मला मध्यरात्री कुणाला उठवावं लागत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण इथे इतरांनी केलेलं काम तयार आहे. कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्ट २०१५ पासून चालू आहे, त्यांची शिफारस केलेली सेटिंग्ज जाहीर आहेत, आणि ६.७ पासून त्यांतली बरीचशी सोर्समध्येच ‘हार्डनिंग डॉट कॉन्फिग’ म्हणून मिळतात. तुमच्या कॉन्फिगवर ‘मेक हार्डनिंग डॉट कॉन्फिग’ दिलं की चढली. त्यामागचा विचार मला पटतो, ज्यांनी वेग फारसा कमी होत नाही अशीच त्यात घेतली आहेत, काही जुन्या सोयी मात्र त्यांनी बंद होतात. अलेक्झांडर पोपोव्हचं ‘कर्नल हार्डनिंग चेकर’ तुमची कॉन्फिग तपासून लाल-हिरवा अहवाल देतं. फक्त त्यातला प्रत्येक लाल हिरवा करायच्या मागे लागू नका. तो शाळेचा निकाल नाही. मॉड्यूलवर सहीची सक्ती केलीत आणि तुमचं एनव्हीडियाचं मॉड्यूल बाहेरून बनून येत असेल, तर अहवाल हिरवा होईल आणि पडदा काळा.

किंमत किती, हे विचारायला हवंच. इनिट ऑन ॲलोकचा मदतीचा मजकूर सांगतो की बहुतेक कामांत १ टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. त्याचा भाऊ, मेमरी परत घेताना पुसणारा ‘इनिट ऑन फ्री’, तो ३ ते ५ टक्के खातो, चाचण्यांत ८ पर्यंत. मी पहिला नेहमी घेतो, दुसरा फक्त जिथे अनोळखी लोकांचं कोड चालतं तिथे. साध्या वापरकर्त्याला बीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) बंद ठेवणं ५.१६ पासून मुळातच चालू आहे, त्याला हात लावू नका. कर्नलचा पत्ता दर बूटला बदलणारं ‘रँडमाइझ बेस’ एक्स८६ वर ४.१२ पासून तसंच.

इथे माझा एक ठोकताळा आहे, तो तुम्हाला उपयोगी पडेल. जे सेटिंग बूटच्या ओळीत (बूटलोडर कर्नलला ज्या सूचना देतो त्यांत) एक शब्द टाकून बंद करता येतं, ते बिल्डमध्ये बिनधास्त चालू ठेवायचं. इनिट ऑन ॲलोक, पत्ता बदलणं, २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्यावर आलेले बहुतेक बचाव, ही सगळी बूटवेळी बंद होतात. ‘मिटिगेशन्स ऑफ’ हा शब्द या शेवटच्या बचावांसाठीच आहे. कुणी म्हणालं वेग कमी झालाय, तर एका रीबूटमध्ये खरं-खोटं करता येतं. उलट बिल्डमध्येच काढून टाकलेलं परत आणायला पुन्हा पूर्ण बिल्ड. या हिशेबाने मेमरीवर थेट हात घालू देणाऱ्या जुन्या सोयींना ‘नाही’ म्हणताना मी जास्त वेळ घेतो, त्या परत लागल्या तर बूटच्या ओळीतून मिळत नाहीत.

बाकीचं पटापट. उबुंटूची कॉन्फिग घेतल्यावर ‘कॅनॉनिकल सर्ट्स’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड पडतो, तुमचाही आधी एकदा पडला असेल. ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टम रिव्होकेशन कीज’ ही दोन रिकामी करायची, त्यात सुरक्षेचं काही जात नाही, त्या चाव्या उबुंटूच्या आहेत आणि तुमचा कर्नल उबुंटूचा नाही. ‘लोकल व्हर्जन’मध्ये स्वतःचं काही शेपूट लावा, नाहीतर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या बिल्डची मॉड्यूल एकमेकांवर बसतात. डीबग इन्फो ठेवायची असेल तर ठेवा, पण मॉड्यूल बसवताना ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ १ द्या, नाहीतर इनिटरॅमएफएस फुगून बूट पार्टिशन भरतं. टिकचा वेग (कर्नलच्या घड्याळाचे सेकंदाला किती ठोके) २५० की १००० यावर लोक तावातावाने भांडतात. जे आहे ते राहू द्या. ‘एक्स्पर्ट’ नावाचा मेन्यू कुतूहल म्हणून उघडू नका, आपण एक्स्पर्ट झालो असं वाटायला लागलं तरीही.

आणि एंटर दाबून बनवलेला तो कर्नल? टाकून देऊ नका. ६.८ ची मूळ कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये अजून आहे. स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं ‘डिफकॉन्फिग’ तिच्यावर आणि तुमच्या नव्या फाइलीवर चालवा. बऱ्याच ओळी येतील. अधिकचं चिन्ह असलेल्या, म्हणजे नव्या, त्या पहिल्या फेरीत सोडून द्या. आधी उण्याच्या ओळी वाचा, ती नाहीशी झालेली नावं आहेत. मग बाणाच्या, ज्यांत ‘वाय’चं ‘एन’ झालंय. त्यांतल्या ज्यावर तुमचं बोट थांबेल ती तुमच्या छोट्या फाइलीची पहिली ओळ. कारण तिच्या वर लिहायला विसरू नका.